शिकवणी घरी आली, मार्गदर्शक कोठे?

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून एक गाव आहे. २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात त्या गावाने एक ठराव केला. रोज सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजावा, त्यानंतर दीड तास घरोघरचे दूरचित्रवाणी संच आणि मोबाइल बंद राहावेत, मुलांनी अभ्यास करावा व थोरांनी वाचावे-बोलावे, असा तो ठराव होता. या उपक्रमाची वार्ता देशाबाहेरही पोहोचली आणि त्याचे कौतुक झाले. ते उचितच होते. कारण शाळकरी मुलाच्या हातातून मोबाइल खाली ठेवला गेला तर पुस्तक हाती येण्याची आशा असते. परंतु त्याच जिल्ह्यातील तासगावच्या बाविशी-पंचविशीतील तरुणापुढे हा भोंगा वाजविला तर काय होईल? त्याचे पुस्तक मोबाइलमध्ये, शिक्षक मोबाइलमध्ये, नोकरीचा अर्ज, प्रवेशपत्र आणि निकाल हेही मोबाइलमध्येच. त्याने मोबाइल बंद करणे म्हणजे भरल्या वर्गातून उठून जाणे होय. या तरुणाचा प्रश्न निराळा आहे, आणि त्याचा विचार निराळ्या रीतीनेच केला पाहिजे.

तालुक्याच्या गावी या तरुणाचा दिनक्रम आता ठरून गेल्यासारखा आहे. पहाटे मैदानावर धावणे. कारण पोलीस भरतीत पुरुष उमेदवारांस सोळाशे आणि महिलांस आठशे मीटर धावावे लागते. मग घरचे काम: कोणाला द्राक्षबागेतील फवारणी, कोणाला जनावरांचे चारापाणी, कोणाला वडिलांचे दुकान. दुपारी अभ्यासिकेत किंवा घराच्या माडीवर बसून पुण्यातील अध्यापकांची व्याख्याने ऐकणे, सायंकाळी टेलिग्रामवरील गटांतून चालू घडामोडींची टिपणे मिळविणे, आणि रात्री थकल्या डोळ्यांनी त्याच पडद्यावर एकामागून एक रील पाहत राहणे. कष्टांत हा तरुण कमी पडत नाही. त्याला आळशी ठरविणाऱ्या वडीलधाऱ्यांनी एकदा पहाटे त्याच्याबरोबर मैदानावर जाऊन यावे, एवढेच आम्ही सुचवू.

इंटरनेटला दोष देऊन मोकळे होणेही आम्हांस मान्य नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले. तत्पूर्वी स्पर्धा परीक्षेची नामांकित शिकवणी पाहिजे असेल तर पुण्याच्या पेठांत खोली घेऊन राहणे भाग असे, आणि ज्याच्या घरी तेवढा पैसा नाही त्याची वाट तेथेच संपे. एकटीने पुण्यास जाण्याची अनुमती ज्या मुलींस मिळत नसे, त्यांचे दारही बंदच होते. आज तीच व्याख्याने मणेराजुरी, सावळज किंवा विसापूर येथील मुलगी घरबसल्या ऐकू शकते. ही समतेच्या दिशेने पडलेली मोठी पावले आहेत, आणि ती मागे घ्यावीत असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही.

मग बिघडले कोठे? प्रथम काही आकडे पाहू. २०२३ साली राज्यात तलाठ्यांच्या सुमारे साडेचार हजार पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. २०२४ च्या पोलीस भरतीत सुमारे साडेसतरा हजार पदांसाठी सतरा लाखांवर अर्ज होते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेस ५,९२,१४१ उमेदवार बसले, आणि शेवटी शिफारस झाली १,०१६ जणांची. म्हणजे पाचशे ब्याऐंशी जण मागे राहिले तेव्हा एक पुढे गेला. शिकवणी कितीही उत्तम असली आणि अभ्यास कितीही कसून केला, तरी पदे वाढत नाहीत. सर्वांनीच दुप्पट अभ्यास केला तर उत्तीर्ण होण्याचे गुण तेवढे वर चढतील. निवड तितक्याच जणांची होईल.

हे साधे गणित तरुणास कोणी सांगत नाही. शिकवणीचा व्यवसाय करणाऱ्यांस ते सांगण्यात लाभ नाही. त्यांच्या फलकांवर यशस्वितांची छायाचित्रे असतात, उरलेल्यांची संख्या नसते. घरच्यांस ते सांगवत नाही. मोबाइलच्या पडद्यावर तर निवड झालेल्यांचे सत्कार आणि भाषणेच पुनःपुन्हा समोर येतात, त्यामुळे यश आहे त्याहून जवळ भासते. आणखी असे की, राज्यसेवेसाठी वयोमर्यादा खुल्या प्रवर्गास अडतीस आणि मागासवर्गीयांस त्रेचाळीस वर्षांपर्यंत आहे. संधी अधिक मिळाव्यात हा तिचा हेतू चांगला. परंतु ज्याला कोणी थांबण्याची वेळ सांगत नाही, त्याच्या तारुण्याची पंधरा वर्षे तिच्यात सहज विरून जातात.

येथे तासगावकरांस त्यांच्याच शिवारातील एका गोष्टीचे स्मरण द्यावेसे वाटते. थॉम्पसन सीडलेस या परदेशी वाणातून निवड करून 'तास-ए-गणेश' हा वाण याच परिसरातील बागायतदारांनी पुढे आणला. ही विद्या ते एकमेकांच्या बागांत हिंडून शिकले. आजही ऑक्टोबरची छाटणी घ्यावयाची तर बागायतदार मोबाइलवर हवामान पाहतो, चित्रफिती पाहतो. पण बाग बिघडली की जाणत्याला बांधावर बोलावतो. तो येतो, पान उलटून पाहतो, माती व देठ यांचे परीक्षण करावयास सांगतो आणि मगच औषधाचे नाव काढतो. दोन एकर द्राक्षांसाठी आपण एवढी काळजी घेतो. घरातील पदवीधर मुलास मात्र लाखो श्रोत्यांसाठी केलेल्या एकाच व्याख्यानावर सोडून देतो. त्याचे गणित कच्चे आहे की भाषा, हे व्याख्यात्यास दिसत नाही. तिसऱ्या अपयशानंतर तो जेवेनासा झाला आहे, हेही दिसत नाही. वर्गात फळ्यापुढे ज्यांनी काही वर्षे काढली आहेत त्यांस ठाऊक असते की, विद्यार्थ्याचा चेहरा पाहूनच निम्मी शिकवणूक ठरते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. खेड्यातील मुलास नुसती शाळा पुरत नाही, त्याच्याजवळ राहून त्याची चौकशी करणारे माणूसही लागते, हे त्यांनी ओळखले होते. या दोन जिल्ह्यांनी तो धडा विसरू नये.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. तासगावच्या नगरपरिषदेने रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी, मुलींस निर्धास्तपणे बसता येईल अशी सार्वजनिक अभ्यासिका चालवावी; जेथे आहे तेथे ती वाढवावी. तेथे आठवड्यातून एक दिवस निवृत्त शिक्षक आणि सेवेत निवड झालेले अधिकारी यांच्याबरोबरच, परीक्षा सोडून दुसऱ्या उद्योगात स्थिरावलेले तरुणही बोलावावेत. या शेवटच्यांचा अनुभव फार मोलाचा असतो. शिकवणी वर्गांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आहेत. पालकांनी त्यांचा आधार घेऊन वर्गचालकांस निर्भीडपणे विचारावे: गेल्या वर्षी प्रवेश किती दिलेत, निवड किती जणांची झाली, आणि निवड झालेला विद्यार्थी आपणांकडे नेमके काय शिकला?

पालकांसही चार शब्द सांगणे प्राप्त आहे. परीक्षेची तयारी सुरू करतानाच किती वेळा बसावयाचे आणि त्यानंतर काय करावयाचे, हे मुलाशी बोलून ठरवावे. तासगावच्या बाजारात बेदाण्याचे सौदे होतात, शीतगृहे चालतात, द्राक्षे परदेशी जातात. हिशेब, कायदा, संगणक आणि इंग्रजी पत्रव्यवहार जाणणारी माणसे तेथे लागतात. परीक्षेसाठी केलेला अभ्यास अशा कामी वाया जात नाही. मात्र या वाटेने जाणाऱ्यास 'नापास झाला म्हणून इकडे वळला' असे हिणविणे समाजाने सोडले पाहिजे. ते बोल चुकवण्यासाठीच कित्येक तरुण आणखी एक वर्ष, आणि मग आणखी एक वर्ष, पुस्तकापुढे बसून राहतात.

शिकवणी आता घरोघरी पोहोचली आहे. तिच्यामागोमाग खरे बोलणारा आणि पाठीवर हात ठेवणारा कोणी पोहोचविणे, हे काम कोणतीही कंपनी करणार नाही. ते गावालाच करावे लागेल. आणि एका भोंग्याने सगळे गाव शांत करून दाखविणाऱ्या जिल्ह्यास ते अशक्य आहे, असे आम्हांस वाटत नाही.