भूक मारण्याचे पॅकेज

रविवारच्या पेपरातून पुन्हा एक पत्रक पडले. या खेपेला वाकडमधल्याच एका केंद्राचे. वर चरकाचार्यांचे चित्र, खाली ‘चरकोक्त लंघन’ असे ठळक नाव, तीस दिवसांत आठ किलो उतरवण्याची हमी आणि सगळ्यांत खाली माझे डोके फिरवणारी ओळ : दहा दिवसांत भूकच मरेल. दिवसभर मुगाचे कढण, दोनदा काढा, एक दिवसाआड वाफ. पैसे आधी भरायचे.

लठ्ठपणावरच्या औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि चमत्कारी उपाय कायद्याने बंदी आहे. परिशिष्टातल्या रोगांच्या यादीत लठ्ठपणाचे नाव स्पष्ट छापलेले आहे. हे इथे पूर्वीही लिहिले, पत्रके थांबली नाहीत. पण आज राग कायद्यासाठी नाही. ज्या चरकाचे चित्र छापले, त्याने सांगितले त्याच्या बरोबर उलटे त्याच्या नावाने विकले जाते आहे.

आमच्या इमारतीतल्या एका तरुणाने असलेच एक पॅकेज घेतले होते. हिंजवडीत रात्रपाळी, संध्याकाळी भूमकर चौकाच्या गर्दीत अडकून जायचे, पहाटे परत. महिन्यात सहा किलो उतरले. पॅकेज संपले आणि भूक अशी उसळली की मध्यरात्री ऑफिसात तो बिस्किटांचे पुडेच्या पुडे संपवायला लागला. वजन परत आले, वर आणखी दोन किलो. विचारायला गेला तर ऐकवले गेले की तुमचा जिभेवर ताबा नाही. मुलगा मान खाली घालून घरी आला.

त्या मुलाला मी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय वाचायला दिला. मराठी भाषांतर सहज मिळते, तुम्हीही वाचा. अतिस्थूल माणसाला होणारे आठ त्रास त्यात ओळीने सांगितले आहेत : आयुष्य घटते, हालचाल मंदावते, कामसुखात अडचण येते, अंगात बळ राहत नाही, दुर्गंधी येते, घाम छळतो, भूक अति लागते, तहान अति लागते. सातवा त्रास पुन्हा वाचा. अति खाणे, व्यायाम नसणे, दिवसा झोपणे ही कारणे चरक मांडतोच, आईबापांकडून आलेला बीजस्वभावही मांडतो. पण भूक त्याने आजाराच्या त्रासांत बसवली आहे. मेदाने वाटा अडल्या की वायू कोठ्यातच फिरत राहतो, अग्नी पेटवतो, खाल्लेले झटपट जिरते आणि माणूस पुन्हा अन्न मागतो. वणवा रान जाळतो तसे हे दोघे मिळून त्याला जाळतात, असे चरकाचे म्हणणे.

वात आणि अग्नी ही भाषा आजच्या शरीरशास्त्राची नाही आणि ती तशी आहे असे दाखवण्याचा खटाटोप मला आवडत नाही. पण निरीक्षण बघा. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पन्नास लठ्ठ माणसांची हकिकत छापली. दहा आठवडे त्यांना अगदी तुटपुंज्या आहारावर ठेवले होते. वजन उतरले. वर्षाने पुन्हा तपासले तर भूक वाढवणारे घ्रेलिन अजून चढलेले, पोट भरल्याचे सांगणारी संप्रेरके अजून उतरलेली आणि माणसे स्वतः सांगत होती की पूर्वीपेक्षा जास्त भूक लागते. उपाशी ठेवलेले शरीर वर्षभरानंतरही गेलेले वजन परत मागत होते. आमच्या रात्रपाळीवाल्या मुलाचे दुसरे काय झाले?

वाग्भट तर याहून रोखठोक. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, चौदाव्या अध्यायात तो सांगतो की स्थूल होण्यापेक्षा कृश असलेले बरे, कारण स्थूलाला औषधच नाही. पोषण करावे तर मेद वाढतो, नुसते लंघन करावे तर भडकलेला अग्नी आणि वायू आवरत नाहीत. ज्या परंपरेत असे लिहिलेले आहे, तिच्या नावाने तीस दिवसांची हमी कोण देते?

मग करायचे काय? चरकाचे उत्तर मला फार मोलाचे वाटते. स्थूल माणसाला असे अन्न द्या जे पचायला जड आहे पण अंगाला लागत नाही. पोट भरले पाहिजे, भुकेला काम मिळाले पाहिजे, मेद मात्र वाढता कामा नये. त्याने धान्येही सांगितली आहेत : जव, राळा, सावा, हरीक, ज्वारी, सोबत मूग, कुळीथ, तूर, पडवळ, आवळा. यांतले जवळजवळ सगळे आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात होते. शिजवलेल्या ज्वारीतली प्रथिने इतर धान्यांच्या मानाने कमी पचतात, याला आहारशास्त्रज्ञ ज्वारीचा उणेपणा म्हणतात. कुपोषित पोरासाठी तो उणेपणाच आहे. खुर्चीला खिळलेल्या, सुटलेल्या पोटाच्या माणसासाठी मला तो वरदान वाटतो. ज्वारीवर मी फार लिहितो अशी पत्रे येतात. येऊ द्यात.

आता वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांकडे येऊ, कारण सोसायटीच्या ग्रुपवर ‘आयुर्वेद की इंजेक्शन’ असे भांडण चालू आहे. पूर्वी ते दीक्षितांचा आहार की दिवेकरांचा असे होते. दोन वेळा जेवायचे की दर दोन तासांनी खायचे, यावर अख्खा महाराष्ट्र घड्याळ लावून बसला होता आणि ताटात काय आहे हे त्या गदारोळात मागे पडले. टिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले, वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जूनमध्ये. जेवल्यावर आतड्यातून पाझरणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाची सेमाग्लुटाइड नक्कल करते : जठर सावकाश रिकामे होते, मेंदूला पोट भरल्याचा निरोप जातो. २०२१ च्या चाचणीत १,९६१ जणांपैकी औषध घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरले, नुसत्या सल्ल्यावर आणि खोट्या इंजेक्शनवर असलेल्यांचे २.४ टक्के. औषध थांबल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आले. भाकरीने पंधरा टक्के वजन उतरणार नाही हे मी स्वच्छ सांगतो. त्या पत्रकातल्या काढ्यानेही नाही. मेदावर दिल्या जाणाऱ्या गुग्गुळाचे उदाहरण घ्या. त्याच्या अर्काची अमेरिकेत नीट चाचणी झाली, २००३ मध्ये निकाल छापला गेला; वाईट कोलेस्टेरॉल उतरायच्या ऐवजी थोडे वाढलेच.

तरी इंजेक्शन बनवणारे आणि चरक एका जागी भेटतात : दोघेही भुकेवर उपचार करतात. ‘तुझा जिभेवर ताबा नाही’ असे दोघांपैकी कोणी म्हणत नाही. भुकेला गुन्हा ठरवून माणसाला उपाशी ठेवणारे ते पॅकेज या दोघांच्याही बाहेरचे आहे. मधुमेहाची गोळी चालू असताना कुणी असे लंघन केले, तर साखर धोकादायक उतरू शकते. पत्रकावर याचा एक शब्द नाही.

आणि किलो कशासाठी मोजता? चरकाने स्थूल कोण हे सांगताना वजन काढलेले नाही. पोट, नितंब, छाती चालताना हलतात आणि देहाच्या मानाने उत्साह कमी, ही त्याची खूण. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे फोटो शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे, बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळेही त्यांनी तपासली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथम्प्टनच्या बाळांचे ३.५, तरी हाडकुळ्या दिसणाऱ्या आपल्या बाळांनी चरबी राखलेली होती. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्याच आयोगाने सांगितले की एकट्या बीएमआयवर निदान करू नका, कंबर मोजा, माणसाला दम लागतो का, रोजची कामे जमतात का ते बघा. वाकडच्या केंद्रात मात्र वजनकाटा दारातच ठेवलेला असतो.

त्याच एकविसाव्या अध्यायाचा पुढचा मोठा भाग झोपेवर आहे, तो कोणी छापत नाही. स्थूल माणसाने दिवसा झोपू नये, असे तिथे आहे. मग हिंजवडी-चाकणच्या रात्रपाळीवाल्यांनी झोपायचे कधी? वाग्भटाने जागरण करणाऱ्याला सवलत दिली आहे : जितके जागलात त्याच्या निम्मे सकाळी झोपा, पण काही न खाता. पहाटे घरी येऊन पोहे-चहा घेऊन आडवे होणाऱ्या हजारोंना हे कोणीतरी सांगायला हवे. जो वैद्य पहिल्या भेटीत कामाची पाळी विचारतो, झोप विचारतो, कँटीनमध्ये काय मिळते ते विचारतो, त्याच्याकडे जरूर जा.

कँटीनचे निघालेच आहे तर. अडीचशेवर कामगार असलेल्या कारखान्याला कँटीनची सक्ती १९४८ च्या कायद्यातच आली. त्या ताटात आज मैद्याचा पाव, पांढरा भात आणि तेलाचा तवंग असतो. भाकरी शेकड्यांनी थापता येत नाही, असे ठेकेदार सांगतात. सोलापूरची कडक भाकरी पाकिटातून पुण्याच्या दुकानांत मिळते, दिवसेंदिवस टिकते, कुळथाच्या पिठल्यात चुरून उत्तम लागते. चाकणच्या कामगार संघटना पुढच्या वेतनकराराला बसतील तेव्हा त्यांनी तिसऱ्या पाळीच्या ताटात भाकरी आणि उसळ मागावी, लेखी मागावी.