विरोधी बाकाचे मोल

आमदार सत्ताधारी पक्षाचा नसेल तर मतदारसंघाच्या पदरात काही पडत नाही, हा समज महाराष्ट्रात आता इतका पक्का झाला आहे की पक्ष सोडणाऱ्याला वेगळा खुलासा करावा लागत नाही. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस. दोन्ही वेळा बाहेर पडलेल्या अनेकांनी निधीचे आणि रखडलेल्या कामांचे कारण पुढे केले. २०२४ च्या निवडणुकीत तर एकाही विरोधी पक्षाला २८८ पैकी एक दशांश जागाही मिळाल्या नाहीत. मतदारांचा कौल मान्यच केला पाहिजे. पण विरोधी बाकावर बसणे म्हणजे पाच वर्षे वाया घालवणे, असा धडा नवे आमदार त्यातून घेणार असतील तर तो धडा खोटा आहे, आणि त्याविरुद्धचा पुरावा याच विधानसभेच्या इतिहासात आहे. तो पुरावा म्हणजे सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांची कारकीर्द.

शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) या आमदाराने १९६२ साली पहिली निवडणूक जिंकली आणि २०१४ साली, वयाच्या ८८ व्या वर्षी, अकरावी. मतदारसंघ एकच, पक्षही एकच. या काळात बारा विधानसभा निवडून आल्या. त्यांपैकी अकरांत ते बसले. १९७२ साली ते हरले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परतले. १९९५ साली अवघ्या १९२ मतांनी पडले आणि १९९९ साली पुन्हा आले. मंत्रिपद त्यांना दोनदाच मिळाले, १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. दोन्ही मिळूनही त्यांच्या आमदारकीच्या तुलनेत हा काळ फार थोडा. बाकीची दशके विरोधात गेली. त्यांच्या पक्षातून काँग्रेसकडे जाणारी वाट तर कधीच मळलेली होती. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारखे संस्थापक त्या वाटेने गेले, यशवंतराव मोहिते गेले. गणपतरावांना त्या वाटेवर कोणी अडवले नसते. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या एसटीच्या प्रवासाबद्दल आणि साध्या राहणीबद्दल सर्वांनी भरभरून लिहिले. ते आदराचेच होते. पण साधेपणाच्या कौतुकात त्यांचे खरे काम झाकले जाते. ते काम होते एक प्रश्न धरून ठेवण्याचे, आणि तो प्रश्न पाण्याचा होता.

सांगोला, आटपाडी, जत, माण हा सारा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. कृष्णा याच खोऱ्यातून वाहते, पण तिचे पाणी खाली आणि ही गावे वर. बच्चावत लवादाने १९७६ साली कृष्णेच्या पाण्याची राज्याराज्यांत वाटणी केली आणि ती २००० सालापर्यंत लागू ठेवली. आपल्या वाट्याचे पाणी त्याआधी अडवून वापरात आणण्याची निकड महाराष्ट्रापुढे उभी राहिली. पण ते पाणी राज्यात कोणाला द्यायचे, हे लवादाने ठरवलेले नव्हते. आधीच भिजलेल्या जमिनीला आणखी द्यायचे, की उचलून कोरड्या तालुक्यांत न्यायचे? चळवळीतले नेते नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्यासह गणपतरावांनी १९९३ साली आटपाडीत दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरवली आणि समन्यायी वाटपाची मागणी लावून धरली. पाणी जमिनीच्या एकरांवर न मोजता कुटुंबांवर मोजा, असा त्या मागणीचा गाभा होता. ही परिषद पुढे वर्षानुवर्षे भरत राहिली. मोर्चाने उभी केलेली मागणी सभागृहात तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्थसंकल्पावरील चर्चा या मार्गांनी जिवंत ठेवावी लागते. नाहीतर सरकार बदलले की फाईलही बदलते.

यावर सर्वांत कठीण आक्षेप सांगोल्यातूनच घेतला जाऊ शकतो. इतकी वर्षे आमदार एकच, मग टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी यायला एवढा उशीर का? सत्तेतला आमदार असता तर ते लवकर आले नसते का? शिवाय टेंभू योजनेला मंजुरी मिळाली १९९६ साली, म्हणजे गणपतराव सभागृहातही नव्हते तेव्हा. आक्षेपातले तथ्य नाकारता येत नाही. उशिराची किंमत तिथल्या पिढ्यांनी मोजली आहे. पण ज्या दुष्काळी तालुक्यांचे आमदार त्या काळात सत्ताधारी पक्षात होते, त्यांपैकी अनेकांनाही पाण्याची दीर्घ वाट पाहावी लागली. पक्षाच्या शिस्तीत बसलेला आमदार रस्ता मिळवतो, इमारत मिळवतो. खोऱ्यातल्या पाणीवाटपाचे सूत्रच चुकले आहे, असे मात्र आपल्याच सरकारला तो सहसा बजावू शकत नाही. आणि मंजुरी ही अशा योजनेची सुरुवात असते. टप्प्याटप्प्याने पाणी उचलणाऱ्या योजनेला दरवर्षी निधी लागतो, कालवे लागतात, वीजबिलाचा तोडगा लागतो. त्या लांबलचक, कंटाळवाण्या पाठपुराव्यात १९९९ नंतरची गणपतरावांची वीस वर्षे गेली.

दुसरा आक्षेप असा की एकच माणूस इतकी वर्षे राहिला की नवे नेतृत्व उगवत नाही आणि वारसा घरातच फिरतो. हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. त्यांनी २०१९ साली निवडणूक न लढवण्याचे ठरवल्यावर उमेदवारी नातवाला मिळाली. तो ७६८ मतांनी हरला. २०२४ साली दुसरा नातू निवडून आला आणि राज्यभरात शेकापचा तेवढा एकच आमदार उरला. कार्यकर्त्यांच्या बळावर उभ्या राहिलेल्या पक्षाला घराबाहेरचा उमेदवार सापडू नये, ही त्या कारकिर्दीची उणी बाजू आहे. तरीही २०२४ च्या निकालातली एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. २०२२ च्या बंडात सामील होऊन सत्तेच्या बाजूला गेलेल्या आमदाराला सांगोल्याने त्या निवडणुकीत घरी बसवले, तेही राज्यभर सत्ताधाऱ्यांची लाट असताना. सत्तेजवळचा आमदार म्हणजेच विकास, हे गणित निदान तिथल्या मतदारांनी स्वीकारले नाही.

गणपतरावांसारखी माणसे आता होत नाहीत, असा सुस्कारा सोडणे सोपे आहे. पण अशी कारकीर्द घडायला सभागृहात जागाही लागते. स्थानिक विकास निधी प्रत्येक आमदाराला सारखाच मिळतो; भेदभाव होतो तो त्यापलीकडच्या, मंत्र्यांच्या मर्जीने वाटल्या जाणाऱ्या कामांत. त्या कामांचे निकष ठरवावेत आणि मतदारसंघनिहाय मंजुरीची यादी दर अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावी. अधिवेशनाचे दिवस वाढवावेत, प्रश्नोत्तराचा तास गोंधळात बुडू देऊ नये आणि लक्षवेधीवर दिलेल्या आश्वासनाचे पुढे काय झाले, याचे उत्तर मंत्र्याने तारखेसह द्यावे. एवढे झाले तर पहिल्यांदा निवडून आलेल्या विरोधी आमदाराला मतदारसंघात परतताना सांगण्यासारखे काहीतरी हातात असेल.