दुखणे लपविणारा खेळाडू

पावसाचा जोर ओसरू लागला, की बुलढाणा जिल्ह्यातील शाळांच्या मैदानांवर क्रीडास्पर्धांची लगबग सुरू होते. प्रथम तालुक्याची स्पर्धा, मग जिल्ह्याची, त्यानंतर अमरावती विभागाची आणि शेवटी राज्याची, अशा पायऱ्या चढत १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलामुलींचे संघ पुढे जात असतात. घाटावरच्या चिखली-मेहकरकडे मैदाने बहुधा मुरमाड असतात. तेथे पडले की गुडघे खरचटून निघतात. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव या पूर्णेच्या खोऱ्यात काळ्या मातीचे राज्य. ती पावसात पायाला चिकटते आणि चार दिवस कडक ऊन पडले, की तिला भेगा पडतात. अशा एखाद्या भेगेत धावत्या मुलाचा पाय गेला, तर घोटा मुरगळण्यास क्षणाचाही अवधी लागत नाही.

घोटा मुरगळणे ही काही फार मोठी आपत्ती नव्हे. खरी आपत्ती पुष्कळदा त्यानंतर ओढवून घेतली जाते. समजा, खो-खो खेळणाऱ्या एका मुलीचा घोटा सरावात दुखावला आहे आणि जिल्ह्याची स्पर्धा चार दिवसांवर आली आहे. ती सरांना सांगत नाही, कारण सांगितले तर संघातील जागा जाईल. घरी सांगत नाही, कारण सोयाबीन काढणीचे दिवस आहेत आणि तिच्या खेळण्याबद्दल घरी आधीच कुरकुर आहे. शिवाय राज्याच्या पातळीपर्यंत पोचल्यास शालान्त परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात, हेही तिच्या कानावर आलेले असते. ती दात-ओठ खाऊन खेळते. संघ जिंकला, तर सगळे तिची पाठ थोपटतात आणि ‘पोरगी मोठी धीराची’ असे म्हणतात. या कौतुकातच सगळ्या अनर्थाचे मूळ आहे. दुखऱ्या पायाने धावण्याला आपल्याकडे शौर्य समजले जाते. वस्तुतः शत्रू दारात उभा असताना जखमा विसरून लढणे निराळे आणि ढालीसाठी एका बारा वर्षांच्या मुलीचा पाय पणाला लावणे निराळे.

ही गोष्ट मुलांच्या बाबतीत मोठ्यांपेक्षा अधिक गंभीर आहे आणि त्याचे कारण त्यांच्या हाडांतच दडलेले आहे. मोठ्या माणसाचे हाड एकसंध आणि टणक असते. वाढत्या मुलाच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक मऊ थर असतो. हाडाची लांबी तेथेच वाढते. मुलगा उंच होतो तो या थरांच्या बळावर. सांध्यातील दोन हाडांना बांधून ठेवणारे अस्थिबंध चिवट असतात. परंतु हा वाढीचा थर त्यांच्या मानाने दुबळा असतो. त्यामुळे ज्या धक्क्याने मोठ्या माणसाचा नुसता अस्थिबंध ताणला जाईल, त्याच धक्क्याने मुलाच्या वाढीच्या थराला इजा होऊ शकते. बाहेरून दोन्ही ठिकाणी सूज सारखीच दिसते. वाढीच्या थराची इजा दुर्लक्षिली, तर हाड वेडेवाकडे वाढण्याचा किंवा त्याची वाढ खुंटण्याचा संभव असतो. एका ढालीची ही किंमत फारच जबर म्हटली पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, खेळ म्हटला की थोडेफार दुखायचेच. प्रत्येक कळीला घाबरून घरी बसले, तर खेळाडू तयार व्हायचे कसे? हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. सुट्टीनंतर पहिल्यांदा बैठका मारल्या, की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून येतात. ते दुखणे दोन्ही पायांत सारखे असते, स्नायूभर पसरलेले असते आणि दोन-चार दिवसांत आपोआप जाते. त्याला भिण्याचे कारण नाही. परंतु जे दुखणे एकाच बाजूला, एकाच बिंदूवर बोट ठेवून दाखविता येते, ज्याच्याबरोबर सूज येते, ज्याने चाल लंगडी होते किंवा रात्री झोप मोडते, ते निराळ्या जातीचे. उड्या मारणाऱ्या आणि सतत धावणाऱ्या मुलांच्या गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाशी जो दुखरा उंचवटा येतो, तो याच जातीचा. तेथील वाढीच्या जागेवर मांडीच्या स्नायूंचा ताण वारंवार पडलेला असतो. त्याला औषधापेक्षा सराव कमी करण्याची अधिक गरज असते. हा भेद एकदा समजला, म्हणजे भित्रेपणा कोणता आणि शहाणपणा कोणता, याविषयी घोटाळा उरत नाही.

दुखापत झाल्यावर प्रथम काय करावे, याविषयी गावोगाव उलट्याच समजुती दिसतात. पाय मुरगळला की कोणीतरी गरम तेल आणते आणि जोराने चोळू लागते. तालमीतील मालिशीला आपल्या परंपरेत मानाचे स्थान आहे आणि ते योग्यच आहे. पण ती मालिश धडधाकट शरीराची असते. नुकत्याच मुरगळलेल्या घोट्याच्या आत बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. तेथे चोळल्याने आणि शेकल्याने रक्त अधिक पाझरते व सूज वाढते. पहिले दोन-तीन दिवस तेलाची वाटी दूर ठेवावी. पाय हलवू नये. बर्फ मिळाल्यास तो फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे धरावा. नुसता बर्फ कातडीला लावू नये. खेड्यात बर्फ नसेल, तर माठातल्या गार पाण्यात भिजविलेले फडके पुन्हा पुन्हा ठेवावे. मग लवचिक पट्टी बांधावी, पण बोटे निळी पडतील किंवा बधिर होतील इतकी घट्ट नव्हे. निजताना पायाखाली दोन उशा घेऊन तो छातीपेक्षा उंच ठेवावा. एवढे करूनही त्या पायावर चार पावले टाकता येत नसतील, किंवा हाडावर दाबताच कळ उठत असेल, तर दवाखान्यात जाऊन क्ष-किरण छायाचित्र काढून घेतलेच पाहिजे.

येथे हाडवैद्याचा विषय निघतोच. काही घराण्यांत हाड बसविण्याचे कसब पिढ्यानुपिढ्या चालत आले आहे आणि जेव्हा दवाखाने नव्हते, तेव्हा त्यांनी अनेकांना उभे केले, हे नाकारता येणार नाही. परंतु बोटांना कितीही जाण असली, तरी त्यांना कातडीआड पाहता येत नाही. हाड कोठे आणि किती मोडले आहे, हे पाहण्यापूर्वीच ते ओढणे म्हणजे अंधारात सुई ओवणे होय. वाढीचा थर जेथे दुखावला आहे, तेथे तर अशी ओढाताण कोणाकडूनही होता कामा नये.

पायाचे दुखणे निदान दिसते तरी. डोक्याचे दिसत नाही, आणि म्हणून ते अधिक फसवे. कबड्डीत पकड करताना दोघांची डोकी एकमेकांवर आदळतात. मुलगा क्षणभर गोंधळतो, मग उठतो, हसतो आणि पुन्हा चढाईला निघतो. प्रेक्षक टाळ्या वाजवितात. पण त्याला डोके दुखते असे वाटत असेल, चक्कर किंवा ओकारी येत असेल, किंवा तो ‘गुण किती झाले?’ हे पुन्हा पुन्हा विचारीत असेल, तर मेंदूला हादरा बसला आहे असे समजावे. अशा खेळाडूने त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरावयाचे नाही, मग अंतिम सामना का असेना. पहिला हादरा विरण्यापूर्वी दुसरा बसला, तर तो प्राणावर बेतू शकतो. तेव्हा हा निर्णय खेळाडूने करावयाचा नसतोच. तो शिक्षकाने करावयाचा असतो आणि त्यावर वाद घालावयाचा नसतो.

उन्हाचीही गोष्ट अशीच. एप्रिल-मे महिन्यांत खामगाव-मलकापूरकडचे ऊन कसे असते, हे तेथील मुलांना सांगण्याची आवश्यकता नाही. सुट्टीतील सराव सूर्य वर येण्यापूर्वी आटोपावा आणि उन्हाची सवय आठ-पंधरा दिवसांत थोडी थोडी करावी. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्यावे. खेळताना पाणी प्याल्याने दम लागतो, ही समजूत अद्याप काही मैदानांवर टिकून आहे. ती सोडून दिलेली बरी. एखादा खेळाडू उन्हात असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर त्याला सावलीत नेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तो शुद्धीवर नसताना तोंडात पाणी मात्र घालू नये.

दुखापतीवर उपचार करण्यापेक्षा ती टाळणे सोपे, हे पालुपद सर्वांच्या तोंडी असते. सरावाच्या वेळी मात्र मुले मैदानावर येतात आणि थेट सामना सुरू करतात. नॉर्वे देशात १३ ते १७ वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींच्या बाबतीत यासंबंधी एक मोठा अभ्यास झाला आणि तो २००८ साली प्रसिद्ध झाला. काही संघांना खेळापूर्वी सुमारे वीस मिनिटांचे ठराविक व्यायाम दिले होते : हळू धावणे, एका पायावर तोल सांभाळणे, मांड्यांची व पोटाची ताकद वाढविणे आणि उडी मारून गुडघे वाकवून जमिनीवर येणे. या संघांत दुखापतीचा धोका सुमारे एक-तृतीयांशाने कमी दिसला. या व्यायामांना कसलेही साहित्य लागत नाही. वयात येणाऱ्या मुलींत गुडघ्यातील मुख्य अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण त्याच खेळातील मुलांपेक्षा अधिक आढळते. त्यामुळे खो-खोच्या खांबाभोवती वळणाऱ्या मुलींना तर हे व्यायाम अवश्य शिकविले पाहिजेत.

शरीर सावकाश तयार करावे, ही कल्पना वऱ्हाडाला परकी नाही. शेजारच्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. मल्लखांबावर लीलया फिरणारा खेळाडू एका रात्रीत तयार झालेला नसतो. खुद्द बुलढाण्याच्या प्रथमेश जावकर या तिरंदाजाने २०२३च्या मे महिन्यात शांघाय येथील विश्वचषक स्पर्धेत जगातील अव्वल क्रमांकाच्या माइक श्लोसर यांना १४९ विरुद्ध १४८ असे एका गुणाने हरविले. पंधरा बाणांत १५० पैकी १४९ गुण! त्याच वर्षी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघातही तो होता. धनुष्याची दोरी शेकडो वेळा ओढणारा खांदा टिकतो, तो हलक्या धनुष्यापासून आरंभ करून ताण बेताबेताने वाढविल्यामुळे. पहिल्याच महिन्यात जड धनुष्य ओढू पाहणाऱ्या मुलाचा खांदा दुखू लागला, तर दोष खांद्याचा नव्हे.

मोठ्या खेळाडूंनाही दुखापती चुकत नाहीत. १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविणाऱ्या खाशाबा जाधवांच्या पुढील ऑलिंपिकच्या आड त्यांचा गुडघाच आला. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे २०२५च्या जुलैमध्ये मोनॅकोच्या अडथळ्यांच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी पडले आणि त्यांच्या गुडघ्यातील अस्थिबंध तुटला. त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा सोडली. देशाच्या विक्रमवीराला विश्रांतीसाठी जागतिक स्पर्धा सोडता येते. मग तालुक्याची स्पर्धा सोडताना शाळकरी मुलाला शरम का वाटावी?

यात शाळांचाही दोष आहे. पुष्कळ ठिकाणी प्रथमोपचाराची पेटी कार्यालयातील कपाटात कुलूपबंद असते आणि किल्ली ज्यांच्याजवळ असते, ते नेमके त्या दिवशी गावाला गेलेले असतात. पेटी मैदानावर असली पाहिजे. तीतील पट्ट्या, कात्री, निर्जंतुक कापूस आणि हात बांधण्याची झोळी यांचा उपयोग वरच्या वर्गातील दोघा-चौघांना तरी येत असला पाहिजे. बरा झालेला खेळाडू परत कधी येणार, याचाही क्रम हवा : प्रथम न लंगडता चालणे, मग सावकाश धावणे, मग वळणे व उड्या, त्यानंतर सोबत्यांबरोबर सराव आणि शेवटी सामना. एखाद्या पायरीवर पुन्हा दुखले, तर एक पायरी खाली उतरावयाचे.

तथापि, हे सर्व जमण्यासाठी राखीव खेळाडूंची कदर व्हावयास हवी. कबड्डीच्या बारा जणांच्या संघात सात जण मैदानात असतात आणि पाच बाहेर बसतात. खेळाडू दमतो, दुखावतो, हे ओळखूनच खेळाच्या नियमांनी ही पाच माणसे दिली आहेत. पण ज्या शाळेत त्यांना वर्षभर पाण्याचे जग आणि इतरांचे कपडे सांभाळावयास लावतात, त्या शाळेचे शिक्षक ऐन सामन्यात लंगडणाऱ्या चढाईपटूकडे पाहतात, मग बाकावरच्या पाच जणांकडे पाहतात, आणि त्याला बाहेर बोलावीत नाहीत.