मेंदूची साक्ष

परवा पुण्याहून मामाचा फोन. "काय रे, तुमच्या गावातल्या गाडीला म्हणे माणसाच्या मनातलं कळतं? मग राहिलं काय? प्रेम, राग, जाणीव... सगळी मेंदूतली वीज! विज्ञानाने उलगडलं सगळं." मामा निवृत्त गणित शिक्षक, कट्टर विज्ञाननिष्ठ. मी त्याच्याच तालमीत वाढलो, पण या वेळी 'हो' म्हणवेना.

आधी ती गाडी. निस्सानचं मुख्यालय इथे योकोहामात, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. २०१८ च्या जानेवारीत त्यांनी एक तंत्र जाहीर केलं. चालकाच्या डोक्यावर इलेक्ट्रोड. वळण्याची तयारी मेंदूत सुरू झाली की हात हलण्याआधीच, ०.२ ते ०.५ सेकंद अगोदर, गाडी कामाला लागते. छान काम आहे. आडाखा चुकला तर लगेच कळतंही, कारण स्टिअरिंग एकतर फिरतं किंवा फिरत नाही. पण याला मन वाचणं म्हणायचं? माझी पीएचडी अशाच संकेतांमधला गोंगाट गाळण्यात गेली. पापणी लवली तरी मेंदूचा संकेत बुडून जातो हो!

दुसरं उदाहरण. एटीआर या जपानी संस्थेत कामितानी यांच्या गटाने २०१३ मध्ये मेंदूच्या स्कॅनवरून स्वप्नातल्या दृश्यांचा अंदाज बांधला. कसा? तीन माणसांना यंत्रात झोपवलं, पुन्हापुन्हा उठवलं आणि विचारलं, काय दिसत होतं? अंदाज बरोबर की चूक, हे ठरवायला त्या माणसांच्या शब्दाशिवाय दुसरं काहीच नव्हतं. माझा सगळा आक्षेप इथे आहे. आतला अनुभव फक्त ज्याचा त्याला दिसतो. यंत्र त्याच्या शब्दावर तपासायचं आणि मग त्याच यंत्राने त्याचा शब्द खोटा पाडायचा, हे कसं चालेल?

चाललं, मामा. तुझ्याच पुण्यात.

जून २००८. विष देऊन खून केल्याच्या खटल्यात एका तरुणीला सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली. पुराव्यांत 'बीईओएस' नावाची मेंदूचाचणी होती. डोक्याला इलेक्ट्रोड लावून गप्प बसायचं आणि तपास यंत्रणेच्या कथेतली वाक्यं, 'मी' लावलेली, ऐकायची. उत्तर द्यायचंच नाही! ही गोष्ट नुसती ऐकलेली की स्वतः अनुभवलेली, ते म्हणे यंत्र सांगणार. निकालात त्या चाचणीचा आधार घेतला गेला. पुढे उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. ती दोषी की निर्दोष, हा इथे मुद्दाच नाही. मुद्दा असा की इथे फिरून दाखवायला स्टिअरिंग नव्हतं. यंत्र चुकलं तर कळणार कसं? त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने अशा चाचण्या अशास्त्रीय ठरवल्या होत्या. म्हणजे विज्ञानाने आपली मर्यादा सांगितली होती; ऐकायचं कुणाला होतं?

"मग काय पोथ्या वाचायच्या?" मामा भडकला. अजिबात नाही. अध्यात्मवाल्यांनीही टाळ्या वाजवू नयेत, त्यांच्याकडे तर चूक तपासायची सोयच नाही. पण 'उद्या कळेल'च्या भरवशावर आज कुणाला तुरुंगात धाडायचं नसतं.

५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात सक्तीच्या नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूचाचण्या घटनाबाह्य ठरवल्या. संमतीने मात्र त्या करता येतात. आता कोठडीतल्या माणसाची संमती म्हणजे काय, ते पोलीस ठाण्याची पायरी चढलेल्या कुणालाही विचारा.