तुरुंगाच्या चित्रात झाडू कुठे आहे?

जुन्या तुरुंगांची चित्रे आता कलावस्तू म्हणून विकली जातात. दगडी भिंत, कमानीचा दरवाजा, बुरुज, त्यावर संध्याकाळचा प्रकाश. जाड कागदावर मोजक्याच प्रती छापायच्या, खाली चित्रकाराची सही घ्यायची आणि फ्रेम करून दिवाणखान्यात लावायचे. तुरुंग बघायला जाणेही आता पर्यटन झाले आहे. 26 जानेवारी 2021 पासून पुण्याच्या येरवडा कारागृहात महाराष्ट्र सरकारने 'जेल पर्यटन' सुरू केले. तिकीट शाळेच्या मुलांना 5 रुपये, कॉलेजच्या मुलांना 10 आणि इतरांना 50 रुपये. गांधी, टिळक, नेहरू यांच्या कोठड्या आणि ज्या झाडाखाली पुणे करार झाला असे सांगतात तो आंबा, हे तिथले आकर्षण.

तुरुंगाचे चित्र काढू नये किंवा विकत घेऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. या चित्रात कोण दिसतो आणि कोण पुसला जातो?

येरवड्यापासूनच सुरुवात करू. 20 सप्टेंबर 1932 ला गांधींनी तिथे उपोषण सुरू केले. ते इंग्रजांच्या राज्याविरुद्ध नव्हते, अस्पृश्यांना मिळालेल्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध होते. 24 सप्टेंबरला करार झाला. अस्पृश्यांच्या वतीने बाबासाहेबांची सही, सवर्ण हिंदूंच्या वतीने मदनमोहन मालवीय यांची. ज्यांच्या प्राणांसाठी हा सगळा आटापिटा झाला, त्या गांधींची सही करारावर नाही. स्वतंत्र मतदारसंघ गेले, त्याबदल्यात प्रांतिक कायदेमंडळांत 148 राखीव जागा आल्या. मान्यवर कांशीराम यांनी या कराराला पन्नास वर्षे झाली तेव्हा, 1982 साली, 'चमचा युग' लिहून त्याचा हिशोब मांडला. आता सांगा, त्या आंब्याच्या झाडाचे सुंदर चित्र भिंतीवर लावले, तर पाहुण्याला काय कळेल? एका महात्म्याचा त्याग. बाबासाहेबांवर आलेला दबाव त्या पानांच्या सावलीत झाकून जाईल.

आमच्या खानदेशातही हेच आहे. धुळ्याच्या तुरुंगाचे नाव घेतले की 1932 साल आठवते. विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. ही गोष्ट खरी आहे आणि गुरुजींबद्दल आम्हाला आदर आहे. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून 1947 साली त्यांनी उपोषण केले, हेही आम्ही विसरलेलो नाही. पण गीता ऐकली जात होती त्या तुरुंगाचे संडास कोण साफ करत होता? स्वयंपाकाला कोणत्या जातीचा कैदी नेमला जात होता? हे कोणत्याच चित्रात नाही आणि आठवणीतही नाही.

"कलेत जात कशाला आणता?" असे कोणी विचारेल. मित्रांनो, जात आम्ही आणलेली नाही. ती तुरुंगाच्या नियमावलीतच छापलेली होती. पत्रकार सुकन्या शांता यांनी ती उघड केली आणि सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 3 ऑक्टोबर 2024 ला निकाल आला. पश्चिम बंगालच्या नियमांत सफाई कामगार मेहतर, हाडी अशा जातींतून निवडावेत असे लिहिलेले होते. उत्तर प्रदेशच्या नियमांत साध्या कैदेच्या माणसाला हलके काम देऊ नये असे होते, पण ते काम करायची 'सवय' असलेल्या समाजातला कैदी त्याला अपवाद! राज्यघटनेच्या कलम 17 ने अस्पृश्यता संपवली, तरी ती तुरुंगात सरकारी कागदावर सुखाने नांदत होती. न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरवले, तीन महिन्यांत ते बदलायला सांगितले आणि कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितला.

येरवडा 1871 साली बांधले गेले. त्याच 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला, जो पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला. जन्मानेच गुन्हेगार ठरवण्याची ती सोय होती. कायदा 1952 साली गेला, पण पारध्यांच्या पालावर आजही पोलिसांची गाडी आधी पोचते. 2011 च्या जनगणनेत अनुसूचित जाती 16.6 टक्के आहेत, तुरुंगात मात्र त्यांचे प्रमाण त्याहून जास्त आहे. 2022 अखेर देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. तुरुंग हा आपल्यासाठी 'वारसा' नाही. आपल्या वस्तीतल्या कोणाचा तरी तो आजचा पत्ता आहे.

मग चित्रच नको का? हवे, आणि ते आपण काढलेले हवे. आमच्या फैजपूरला 1936 साली काँग्रेसचे अधिवेशन झाले, त्याची सजावट नंदलाल बोस यांनी केली होती. याच नंदलालांनी 1930 साली काठी घेऊन चालणाऱ्या गांधींचे लिनोवरचे ठसाचित्र केले. एका ठशातून कितीही कागद उठतात, म्हणून ती प्रतिमा देशभर पोचली. लिनोचा तुकडा, कोरणी आणि काळी शाई, एवढ्यात हे काम होते. अरुण फरेरा यांनी नागपूरच्या तुरुंगातले जगणे स्वतः रेखाटले. ती रेखाटने त्यांच्या 2014 सालच्या पुस्तकात आहेत. त्या चित्रांत भिंतीपेक्षा माणूस मोठा आहे. चित्र घरोघर नेण्याची परंपरा तर आपल्याकडे आहेच. 6 डिसेंबरला दादरला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला लोक बाबासाहेबांचा फोटो विकत घेतात, तो कोणत्याही गॅलरीला न विचारता. त्याच स्टॉलवर एक चित्र असे का नसावे, ज्यात बराकीतला झाडू आहे, रजिस्टरातला खोडलेला जातीचा रकाना आहे, करारावरची बाबासाहेबांची सही आहे?

खानदेशातल्या कार्यकर्त्यांना आमचे दुसरे सांगणे अगदी साधे आहे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. धुळे आणि जळगावच्या कारागृहांना विचारा: रजिस्टरमधला जातीचा रकाना काढला का? सफाईचे आणि स्वयंपाकाचे काम कोणत्या नियमाने वाटता? त्याच निकालाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळ यांना तुरुंगांची नियमित पाहणी करायला सांगितले आहे. त्यांनी किती वेळा पाहणी केली आणि अहवालात काय लिहिले, तेही मागा. उत्तर आले की जपून ठेवा, नाही आले तर अपील करा.

जेल पर्यटन सुरू झाले तेव्हा येरवड्याचे तिकीट पन्नास रुपयांना होते. त्या पैशात असे पाच अर्ज होतात.

जय भीम!