ढाली विकत आणू नका!



शिवजयंतीच्या नाटुकल्यासाठी प्लॅस्टिकच्या बारा ढाली आणि बारा काठ्या मागवायच्या असे पालकसभेत ठरले, तेव्हा मीही हात वर केला होता. तो हात आता खाली घेतो आहे. का, ते सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

झाले असे की, पाठातल्या 'पाचर' या शब्दावर माझी मुलगी अडली. मी सांगितले, "वेज." ती म्हणाली, "बटाट्याचे असतात ते?" मी हसलो, पण मनातून ओशाळलो. ऑफिसात 'अमक्याने पाचर मारून ठेवली' असे मी सर्रास म्हणतो. लाकडात पाचर मात्र मी जन्मात मारलेली नव्हती. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी सुतारकामाचा तास असे. दोन लाकडांचा सांधा करून दाखवायचा 'जॉब' मी वर्कशॉपमधल्या मामांकडून चहा-वड्याच्या बदल्यात करून घेतला आणि चांगल्या मार्कांनी पास झालो! ती उधारी फेडायला मला चाळिशी ओलांडावी लागली.

लाकूड शोधायला लांब जावे लागले नाही. आपल्या मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या परिसरात 2002 साली 'एमराल्ड ॲश बोरर' हा आशियातून आलेला हिरवा किडा सापडला. त्याच्या अळ्या सालीखालचा थर पोखरतात, झाडाचे अन्नपाणी तुटते. तेव्हापासून ॲशची कोट्यवधी झाडे गेली. आमच्या गल्लीतले असेच एक झाड गेल्या वर्षी तोडले. शेजाऱ्यांना विचारून त्याचे दोन ओंडके मी गॅरेजमध्ये आणले. (दूर नेऊ नयेत, किडा सोबत जातो.) फावड्यांचे दांडे आणि बेसबॉलच्या बॅटी ज्या लाकडाच्या करतात, तेच हे लाकूड, आणि ते चिपाड करणाऱ्या यंत्रात जाणार होते.

ओंडक्याच्या टोकाला लोखंडी पाचर लावून मुलीने घणाचे चार घाव घातले. चर्रकन आवाज झाला आणि तडा आपोआप उभा धावत गेला. "बाबा, पाचर!" ती ओरडली. तो शब्द आता ती विसरणार नाही. करवत लाकडाच्या रेषा मध्येच कापते, पाचर रेषांच्या वाटेने जाते. म्हणून फाडून काढलेल्या काठीत रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतात आणि काठी सहजासहजी मोडत नाही.

वर्षभर वाळवून त्याच्या सहा काठ्या झाल्या आणि उरलेल्या तुकड्यातून जुन्या हातोडीला दांडा झाला. त्यात एक गंमत आहे. दांडा हातोडीच्या नेढ्यात घालायचा, त्याच्या टोकाला आधीच पाडलेल्या खाचेत लहानशी पाचर ठोकायची. टोक फाकते आणि हातोडी घट्ट बसते. लाकूड ओले असेल तर मागाहून ते आकसते आणि हातोडी निसटून कुणाच्या तरी डोक्याकडे जाते! त्या दिवशी 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण मला समजावून सांगावी लागली नाही. "दांडा झाडाचाच ना?" असे तिनेच विचारले.

माझा मुद्दा एवढाच आहे. आपण मुलांना शब्द देतो, वस्तू देत नाही. रंधा, पटाशी, कानस, गिरमिट हे शब्द फळ्यावर लिहून पाठ होतात आणि परीक्षेनंतर गळून जातात. हाताला लागलेला शब्द टिकतो. प्लॅस्टिकची ढाल खोक्यातून निघेल, तेव्हा तिच्याबरोबर एकही मराठी शब्द निघणार नाही.

कुणी म्हणेल, मावळ्यांच्या ढाली लाकडाच्या कुठे होत्या? बरोबर आहे. त्या बहुधा गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याच्या असत. पण प्लॅस्टिकच्या तर नक्कीच नव्हत्या! आपल्या ढाली दुकानांमागे टाकून दिलेल्या पॅलेटच्या फळ्यांच्या करू. दुकानदाराला आधी विचारायचे. पॅलेटवरचा शिक्का वाचायचा: 'एचटी' म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला निदान 30 मिनिटे तापवलेले, ते चालेल. 'एमबी' म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले, ते नको. तेलकट डाग पडलेलेही नको. खिळे काढायचे, फळ्या शेजारी शेजारी ठेवून मागून दोन आडव्या पट्ट्या ठोकायच्या, पंधरा इंचांचा गोल कापायचा आणि मुठीसाठी जुना कमरपट्टा लावायचा. खऱ्या ढालीवर पुढे चार फुगीर फुले असतात, आतल्या मुठीच्या कड्या तिथेच अडकवलेल्या असतात. आपण बरण्यांची झाकणे लावू.

दुसरी हरकत सुरक्षिततेची, आणि ती रास्त आहे. विजेची करवत फक्त मोठ्यांच्या हातात राहील. मुलांकडे कानस, काचपेपर आणि हातोडी. डोळ्यांना चष्मा, धुळीसाठी मास्क. जवसाचे तेल लावलेली फडकी बोळा करून टाकायची नाहीत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवायची.

तिसरी हरकत वेळेची. तिला माझ्याकडे उत्तर नाही. दोन शनिवार जातील, ढाली थोड्या वेड्यावाकड्या होतील, एखाद्या अंगठ्यावर हातोडी बसेल आणि त्या वेळी तोंडातून मराठीच शब्द निघेल, याची मात्र खात्री देतो.

ऑर्डर अजून गेलेली नाही. येत्या शनिवारी वर्गानंतर आमचे गॅरेज उघडे आहे. हीटर आहे, चहा आहे, वडेही आहेत. मात्र या वेळी वड्यांच्या बदल्यात कुणी कुणाचा जॉब करून देणार नाही.

चूकभूल द्यावी घ्यावी.

– एक पालक