चिपमधला सूर कोणाचा?

विजेवर चालणाऱ्या मोटारीला आवाज नसतो आणि तिचा हाच गुण पादचाऱ्यांच्या जिवावर बेतू शकतो. हे ध्यानात घेऊन केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये एक मसुदा प्रसिद्ध केला. विजेवरील प्रवासी व मालवाहू मोटारींत पादचाऱ्यांना सावध करणारी ध्वनियंत्रणा सक्तीची करण्याचा प्रस्ताव त्यात होता. नव्या मॉडेलसाठी १ ऑक्टोबर २०२६ आणि आधीपासून उत्पादनात असलेल्या मॉडेलसाठी १ ऑक्टोबर २०२७ या मुदती सुचविण्यात आल्या. त्यापूर्वी ऑक्टोबर २०२१ मध्ये नाशिक येथे नितीन गडकरी यांनी वेगळाच मानस बोलून दाखविला होता. मोटारींच्या हॉर्नमधून बासरी, तबला यांसारख्या भारतीय वाद्यांचेच सूर निघावेत, असा कायदा करण्याचा तो विचार होता. अनेक सुरांचे हॉर्न बसविण्यास केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११९व्या नियमाने मनाई आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्याच्या दृष्टीने या घडामोडींचा अर्थ एवढाच की, पोलाद, रबर व काच यांच्याप्रमाणे ध्वनी हाही मोटारीचा एक सुटा भाग होऊ लागला आहे. मग प्रश्न उरतो तो असा, की हा भाग आणायचा कोठून आणि त्याचा धनी कोण?

या प्रश्नाचे मर्म समजण्यासाठी हातात धरून खेळावयाच्या व्हिडिओ गेमचे उदाहरण उपयोगी पडते. निन्टेन्डो कंपनीच्या १९८९ मधील ‘गेम बॉय’ या यंत्राला ध्वनीच्या चारच वाहिन्या होत्या आणि त्यातील चिप बहुतांशी स्वतःच ध्वनिलहरी निर्माण करीत असे. २००१ मध्ये ‘गेम बॉय अ‍ॅडव्हान्स’ आला आणि खऱ्या वाद्यांचे अल्पसे ध्वनिमुद्रित तुकडे, म्हणजेच ‘सॅम्पल’, खेळाच्या काडतुसात साठविले जाऊ लागले. जागा तुटपुंजी असल्याने युक्ती लढविण्यात आली. ट्रम्पेटचा एखादाच स्वर मुद्रित करावयाचा, त्यातील लहानसा भाग पुनःपुन्हा फिरवून तो लांबवावयाचा आणि तोच तुकडा अधिक वेगाने वाजवून वरचे स्वर मिळवावयाचे. कोणता स्वर केव्हा वाजवावा याची सूचनावली मात्र स्वतंत्र ठेवलेली असे.

वाद्य आणि चाल यांची ही फारकतच पुढे हौशी संगीतकारांच्या पथ्यावर पडली. अनेक खेळांत निन्टेन्डोनेच पुरविलेली संगीतप्रणाली वापरलेली असल्यामुळे माहितीची मांडणी एकसारखी होती. ती उलगडताच काडतुसातील प्रत्येक वाद्याचा तुकडा, त्याचा मूळ स्वर आणि पुनरावृत्तीचा बिंदू यांसह जसाच्या तसा बाहेर काढता येऊ लागला. असे तुकडे ‘साउंडफॉन्ट’ नावाच्या संचात बांधले की, घरच्या संगणकावर त्या वाद्याने कोणतीही नवी चाल वाजविता येते. गंमत अशी की, यांतील कित्येक तुकडे खेळ तयार करणाऱ्यांनीही रोलँडसारख्या कंपन्यांच्या स्टुडिओ-यंत्रांतून घेतलेले होते. म्हणजे वादकाकडून यंत्राकडे, यंत्राकडून खेळाकडे आणि खेळाकडून हौशी संगीतकाराकडे असा सुराचा प्रवास झाला. या प्रवासात ज्याने मूळ ट्रम्पेट फुंकला त्याचे नाव पहिल्याच मुक्कामी गळून पडले.

चाकणच्या मोटारीत याहून निराळे काय होणार? संयुक्त राष्ट्रांच्या १३८ क्रमांकाच्या नियमानुसार अशा ध्वनियंत्रणेतील किमान एक स्वर, ताशी ५ ते २० किलोमीटर या वेगमर्यादेत, प्रत्येक किलोमीटरमागे सरासरी ०.८ टक्के चढला पाहिजे. साठविलेला तुकडा वेगानुसार चढवीत नेणे हा ती अट पाळण्याचा सरळ मार्ग आहे. चिमुकल्या खेळातील जुनी युक्तीच येथे रस्त्यावर उतरते.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. ‘सा’ कोणाच्या मालकीचा नसतो, हे खरे. परंतु तो लावल्याचे ध्वनिमुद्रण मालकीचे असते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने ध्वनिमुद्रणाला ६० वर्षांचे संरक्षण दिले आहे. क्राफ्टवर्क या जर्मन वाद्यवृंदाच्या सुमारे दोन सेकंदांच्या तालावरून झालेल्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने २०१९ मध्ये निकाल दिला. तुकडा कितीही लहान असला तरी परवानगी हवी, मात्र तो कानाला ओळखू येणार नाही इतका बदलला असेल तर गोष्ट वेगळी, असा त्याचा आशय होता. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कलाकाराला व्यापारी वापराबद्दल मानधनाचा आणि नामनिर्देशाचाही हक्क दिला. मात्र वापराच्या स्वरूपामुळेच नाव देणे अशक्य असेल तर ते वगळण्याची सवलतही त्याच तरतुदीत आहे. हॉर्न वाजताना वादकाचे नाव कसे सांगणार, असा युक्तिवाद उद्या झालाच, तर त्याचे मूळ येथे असेल.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. ऑक्टापॅडवर ढोलकीचा ठेका आणि की-बोर्डवर सनईचा सूर आपल्या वाद्यवृंदांत केव्हाच रुळला आहे. त्या सॅम्पलमागील वादक कोण, हे वाजविणाऱ्यालाही ठाऊक नसते. मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते नावाचे व कारागिरीचे रक्षण करते. त्या तानपुऱ्याच्या मुद्रित झंकाराचे नव्हे. उलट महिंद्रने आपल्या विद्युत मोटारींसाठी ए. आर. रहमान यांच्याकडून ध्वनी करून घेतले, तेव्हा त्यांचे नाव ठळकपणे जाहिरातीत झळकले. नामवंताला श्रेय मिळते, कारण त्याचे नाव विकले जाते. अनामिक तबलजीच्या वाट्याला मात्र एका दुपारच्या मुद्रणाची बिदागी येते.

घरी बसून जुन्या खेळातील सूर हुडकणाऱ्या हौशी तरुणावर दंडुका उगारण्याचे कारण नाही. त्याने या प्रकाराचे शास्त्र जगापुढे उलगडून दाखविले. लाखो मोटारी विकणाऱ्या उद्योगाला मात्र निराळा न्याय हवा. भोसरीतील लहान कारखानदार नट-बोल्ट पुरवितो, तेव्हा माल कोठून आला, कोणत्या खेपेतील आहे, याची नोंद त्याला ठेवावी लागते. हीच शिस्त ध्वनीच्या फाइलीला का लागू नये? वादक कोण, मुद्रण केव्हाचे, परवानगी कोणत्या वापरापुरती आणि मोबदला एकरकमी की प्रत्येक मोटारीमागे, एवढ्या चार गोष्टी करारात व मोटारीच्या माहितीपुस्तिकेत आल्या, तरी पुष्कळ साधेल. ध्वनियंत्रणेचे नियम अंतिम करताना ध्वनीची पातळी मोजली जाईलच. त्याबरोबर ध्वनीचा उगमही विचारला जावा. बोल्टचा उगम ठाऊक असलेल्या उद्योगनगरीला सुराचा उगम ठाऊक नसावा, हे शोभणारे नाही.